एकसष्ट मीटरवरची पोकळी

सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटे झाली होती. चाक्साल टेकडीवर भोक पाडणाऱ्या यंत्राचा दांडा एकसष्ट मीटरवर एकदम सैल झाला आणि दोन मीटर आपोआप खाली गेला. तिथे दगडच नव्हता.

मित्रांनो, मी एक जुना लाकडी ठोकळा आहे. माझा जन्म त्याच दुपारचा. यंत्र चालवणाऱ्या एलेउतेरिओने सफरचंदाच्या खोक्याची फळी कापून मला घडवले. जमिनीतून निघालेल्या दगडाच्या दांड्या लांब पेट्यांत ओळीने ठेवतात. जिथे दगड मिळत नाही, तिथे ठोकळा ठेवतात. इंजिनियर गास्पार यांनी माझ्या पाठीवर लिहिले : '६१.२० ते ६३.३०. पोकळी.'

आमच्या पेट्यांत वरचा दगड हिरवा आहे, त्याखालचा काजळीसारखा काळा आणि तळाचा पितळी ठिपक्यांचा. तिन्ही तांब्याचेच. हिरव्यासाठी इथल्या पूर्वजांनी दगडी हातोड्यांनी टेकडी कोरली. काळ्यासाठी एकट्यादुकट्या खाणकऱ्यांनी पलीकडच्या उतारावरून बिळे पाडली. पितळी हवे म्हणून यंत्र आले. बिळांचा नकाशा मात्र कोणाकडेच नव्हता.

भोक पाडताना यंत्र गार ठेवायला आत सोडतात ते पाणी सगळे त्या पोकळीत जाऊ लागले. पंप थांबवला, तेव्हा भोकातून गार वारा वर आला. त्याला मेणबत्तीच्या धुराचा वास होता. मग लोखंडी दांड्यातून आवाज आला. टक्. टक्. टक्.

एलेउतेरिओने टोपी काढली. टेकडीच्या देवाला इथे आजोबा म्हणतात. "टेकडीचे आजोबा मागताहेत," तो म्हणाला आणि त्याने भोकात दारू ओतली, नैवेद्य म्हणून कोकाची पाने सोडली.

छावणीची स्वयंपाकीण रुफिना कोल्के हातातला झारा घेऊनच धावत आली. तिचा भाऊ सातुर्निनो आठ दिवसांपूर्वी पलीकडच्या बिळात कामाला गेला होता आणि परतला नव्हता.

"हाक मार की रे खाली! माझा भाऊ असेल."

"खुळी आहेस का? डोंगराला हाक मारतात का कुणी? त्याने ओ दिली तर तो माणूस ओढून घेतो. आणि तुझा सातुर्निनो कालामा शहरात बसला असेल कुणाच्या तरी मांडीवर डोकं ठेवून."

"खेचर दाराशी सोडून? तो पायी जाणारा आहे होय?"

रुफिना भोकाशी वाकली. एलेउतेरिओने तिला दंडाला धरून मागे ओढले.

गास्पार म्हणाले, "आतली हवा आहे बाई. दाब बदलला की दगड वाजतो."

तीन दिवस यंत्राने पाणी ओतले. पंप थांबला की आवाज येई, आणि प्रत्येक वेळी एलेउतेरिओ टोपी काढी. चौथ्या सकाळी आवाज आला नाही. वाराही थांबला.

"पोट भरलं आजोबांचं," एलेउतेरिओ म्हणाला. यंत्र ऐंशी पावले दूर नेले.

गास्पार यांच्या अहवालाचे खूप कौतुक झाले म्हणे. मग तांब्याचा भाव पडला. सगळे निघून गेले. पन्नास वर्षे मी पत्र्याच्या छपराखाली धूळ खात पडलो होतो. दिवसा पत्रा तापून तडतडे आणि मला ती तीनदा झालेली टकटक पुन्हा ऐकू येई.

गेल्या महिन्यात माइते नावाच्या नव्या इंजिनियर बाईंनी पेटी उघडली. त्यांनी मला पुसले, वाचले आणि गावात जाऊन विचारले, "इथे काय होतं?" हे विचारणाऱ्या त्या पहिल्याच.

रुफिना आता एकोणऐंशी वर्षांची आहे. छपराखाली येऊन तिने मला तळहातावर घेतले. "ते पाणी तो प्यायला असेल," ती म्हणाली. "तीन दिवस. मग तुम्ही नळ घेऊन गेलात."

मित्रांनो, दगडांच्या पेटीत माझ्यासारखा ठोकळा दिसला, तर आकडे वाचून पुढे जाऊ नका. रिकामी जागासुद्धा नीट जपा आणि तिच्याबद्दल कुणाला तरी विचारा.

मंगळवारी दुपारी साडेतीनला जुन्या भोकात कॅमेरा सोडला. एकसष्ट मीटरवर तो अडला. पोकळीत उघडणारे भोकाचे तोंड लोकरी कापडाच्या गाठोड्याने बंद आहे. गाठ खालच्या बाजूला आहे, म्हणजे ते आतून कोंबलेले आहे. पट्टे तपकिरी आणि पांढरे आहेत. रुफिना म्हणते, हे विणकाम तिच्या हातचे, भावासाठी केलेले. लोखंडी हुक लावून ओढले, तेव्हा कापड ताणले गेले, पण वर आले नाही.