एल्डनचा सुळा

उत्तरेच्या बर्फाळ समुद्रातल्या आमच्या सवूंगा गावात वॉलरसच्या सुळ्यांवर चित्रं कोरणारे पुष्कळ आहेत, आणि त्यातले निम्मे तरी माझ्यापेक्षा भिकार कोरतात. हे मी नम्रपणेच सांगतोय. दुकानदाराला मात्र सगळ्यांकडून एकच हवं असतं: तीन डोलकाठ्यांची, शिडं फुगलेली गलबतं. तसल्या गलबतात मी जन्मात पाय ठेवलेला नाही, पण बाहेरच्या गिऱ्हाइकांना तीच लागतात. मी ती डोळे मिटूनही कोरू शकतो. अलीकडे जवळजवळ तसंच चाललंय, कारण उजव्या डोळ्यावर पडदा आलाय आणि डाव्याचीही रड सुरू झालीय.

पण हा सुळा दुकानासाठी नव्हता. माझ्या मुलानं, एल्डननं, तो उन्हाळ्यात जुन्या वस्तीच्या टेकाडातून खणून काढला होता. गोठलेल्या मातीत किती पिढ्या पडून होता कोण जाणे, रंग कोऱ्या चहासारखा झाला होता.

"बाबा, यावर गलबत काढलंस तर बघ," तो म्हणाला होता. "आपली होडी काढ. मला पुढे बसव, हातात भाला दे. आणि क्लेमंटकाकाचं पोट आहे तेवढंच दाखव, लाज राखायला जाऊ नकोस."

नोव्हेंबरात तीच होडी बर्फाच्या कडेला उलटली. सुकाणूवर माझा धाकटा भाऊ क्लेमंट होता. त्याला आणि आणखी दोघांना लोकांनी ओढून वर घेतलं. एल्डन सापडला नाही.

त्याचा धड फोटोही नव्हता. एक होता, त्यात तो कुत्र्यावर ओरडायला वळलेला, नुसती टोपी दिसते. म्हणून मी कोरायला बसलो. खरं तर असा जुना सुळा गुंडाळून थंडीत ठेवायचा, दोन हिवाळे हळूहळू सुकू द्यायचा. त्याच्या पोटात ओल असते, ऊब लागली की तो तडकतो. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण माझे डोळे दोन हिवाळे थांबणार नव्हते. मग बाहेरच्या थंड पडवीतच बसलो. बोटं बधिर झाली की काखेत धरायची, पुन्हा सुई घ्यायची.

आधी होडी झाली, मग वल्ही मारणारे, मग क्लेमंट पोटासकट. सगळ्यात शेवटी पुढे एल्डन. कोरलेल्या रेघांत काजळी चोळली, फडक्यानं पुसली, आणि तो दिसला. एक भुवई वर, काहीतरी चावट बोलायच्या बेतात. इतकं चांगलं माझ्या हातून कधी उतरलं नव्हतं, आणि आता या डोळ्यांनी पुन्हा उतरणार नाही. मी तिथेच बसून रडलो.

माझ्या बायकोनं, नेटीनं, चित्र बघितलं. त्याच्या गालावरून फक्त बोट फिरवलं. त्यानंतर ती घटकेघटकेला पडवीत ठेवलेल्या सुळ्याकडे जायला लागली.

"दार लाव ना बाई," मी करवादायचो. "सगळी ऊब बाहेर चाललीय."

एका रविवारी मी क्लेमंटकडे गेलो. त्यानं घराबाहेर पडणंच सोडलं होतं. त्याच्यापुढे ताट तसंच पडलेलं.

"दादा, त्याची बाही आली होती माझ्या हातात," तो म्हणाला.

"माहितीय मला. जेव आता."

"ओली होती. निसटली."

"क्लेमंट, जेव."

त्याला दोन घास खायला लावून दुपारी घरी आलो, तर आत भट्टी झालेली. शेगडी लालबुंद. नेटी पांघरुणात पडून होती आणि सुळा तिच्या छातीशी होता. मी धावलो. तो तिच्याकडून घेतो न घेतो तोच कट असा आवाज झाला. टोकापासून निघालेली भेग एल्डनच्या कपाळातून थेट हनुवटीपर्यंत गेली.

मी नेटीवर खेकसलो.

"कोरणाऱ्याची बायको ना तू? अख्खा जन्म यात गेला तुझा. एवढं कळू नये?"

"कळतं मला."

"मग आणलास कशाला आत?"

"बाहेर त्याला थंडी वाजत होती."

 अजून वेळ होता. लगेच बाहेर नेऊन ओल्या फडक्यात गुंडाळला असता, तर भुवई आणि एक डोळा तरी वाचला असता. मी सुळा घेऊन दारापर्यंत गेलोही. कडीवर हात ठेवला. नेटीनं अडवलं नाही.

"परत तिथेच ठेवणार त्याला?" एवढंच विचारलं.

समुद्रातून तर मला त्याला काढता आलं नव्हतं. मी मागे फिरलो आणि सुळा तिच्या कुशीत ठेवला. तिच्या शेजारी बसलो. थोड्या वेळानं तो पुन्हा तडकला. नेटीनं पांघरूण त्याच्यावर नीट ओढून घेतलं. मी उठून शेगडीत आणखी एक ओंडका घातला.