नीराबाईचं लॉगिन

मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसातल्या संगणकावर मालकी सोसायटीची, पण राज्य तिथं काम करणाऱ्या नीराबाईचं. माऊसला कुणी बोट लावलं तरी ती खेकसायची. सकाळची उदबत्तीही आधी संगणकाला ओवाळायची, मग भिंतीवरच्या देवाला. तिचा एकुलता एक मुलगा साहिल हसायचा, "आयेला माझ्यापरीस ह्यो डबाच लाडका हाय."

डब्याचं काम मात्र जीव वाचवायचं होतं. बोट संकटात सापडली की तांडेलानं, म्हणजे बोटीच्या म्होरक्यानं, बोटीवरचं लाल बटण दाबायचं. हाक ऑफिसात यायची आणि संगणक ती ठरलेल्या फोनवर पाठवायचा. ही सोय गावातल्याच सोनलनं करून दिली होती. ती अलिबागच्या एका कॉलेजात संगणक सांभाळायची. हाक कोणाला जायची तो नंबर तिनं नीराबाईच्या लॉगिनच्या फाईलमध्ये लिहून ठेवला होता. लॉगिन करताना संगणक ती फाईल एकदाच वाचतो आणि तेच धरून बसतो. मागाहून फाईलमध्ये काहीही बदला, लॉगआउट करून पुन्हा आत येईपर्यंत त्याला त्याचा पत्ताच नसतो.

आधीचा नंबर सोसायटीचे जुने सेक्रेटरी सदाकाका यांचा. ते थकले आणि लेकीकडे माणगावला राहायला गेले. मग नागावला पर्यटकांना स्पीडबोटीतून फिरवणारा भावेश म्हणाला, हाक मला द्या, मी लगेच निघेन. सोनलनं अलिबागहूनच फाईल उघडून त्याचा नंबर घातला आणि नीराबाईला फोन केला.

"काकी, एकदा लॉगआउट करून परत लॉगिन करा हां."

"व्हय व्हय, करते."

एक खोटी हाक पाठवून बघायला हवी होती. पण सोनलच्या कॉलेजात परीक्षा चालू होत्या, तिच्याकडून राहून गेलं.

नीराबाईनं काही ते केलं नाही. बोट दर्यावर असेल तोवर ती घरातला दिवा विझू द्यायची नाही, आणि ऑफिसातल्या संगणकालाही तिनं तोच नेम लावला होता. बोटी आत आल्या की करू, असं ती म्हणत राहिली. पण हंगामात एक बोट आत आली की दुसरी बाहेर पडलेलीच असायची.

अशाच एका दुपारी खांदेरी बेटाच्या पलीकडे साहिल होता त्या बोटीची फळी फुटली. तांडेलानं बटण दाबलं. हाक गेली ती थेट माणगावला, जेवून आडवे झालेल्या सदाकाकांच्या फोनवर. जाग आल्यावर त्यांनी ती पाहिली आणि भावेशला फोन लावला. भावेशनं बोट हाणली. रिकाम्या कॅनना धरून तरंगणारे सगळे त्याला सापडले, फक्त साहिल नाही. तो दुसऱ्या दिवशी किहीमच्या किनाऱ्याला लागला.

सोनल ऑफिसात आली आणि तिनं संगणक पाहिला. फाईलमध्ये भावेशचा नंबर होता. चालू लॉगिन मात्र त्याच्या आधीपासूनचं, त्यात अजून सदाकाकाच. ती तिथंच खाली बसली आणि पोटभर रडली.

दिवसकार्य झाल्यावर नीराबाई सोनलच्या दारात आली. कपाळ मोकळं तर नवरा गेला तेव्हापासूनच होतं, आता डोळ्यांतही काही उरलं नव्हतं.

"पोरी, तू मना कायतरी कराला सांगलं व्हतंस. मी केलं न्हाय. बोटी भायेर व्हत्या, बंद कसा करू? त्याच्यानंच झालं काय गं?"

 व्हय म्हटलं तर ही बाई आज रात्रीही जगायची नाही, हे सोनलला स्वच्छ दिसत होतं.

"न्हाय काकी. ते येगळंच काम व्हतं. नंबर बदलायचा मीच इसरले."

 नीराबाईनं सोनलच्या थोबाडीत दिली. एकदा, परत एकदा. "माझा पोर खाल्लास गं तू," म्हणत ती दारातच कोसळली. शेजारणींनी तिला उचलून नेलं. जाताना त्या सोनलकडे ज्या नजरेनं पाहत गेल्या, ती नजर आता गावात कायमचीच राहणार होती.

सोनलची आई आतून सगळं ऐकत होती. ती बाहेर आली.

"अगं, पन नंबर बदलला म्हनून तू तर त्याच दिशी मना सांगलं व्हतंस."

"आये," सोनल म्हणाली, "तू ह्ये कुनाला बोलायचं न्हाय."