गुहेतले खडे

तोमीताईंनी गुहेतल्या ओल्या वाटेवर चोतोकुचा जुना सदरा पसरला आणि त्यावर भाताची वाटी ठेवली.

"ताई, लोक बघतायत," चोतोकु म्हणाला.

"बघू देत. ऊस तणात बुडालाय, डबा रोज तसाच परत येतो. तुझा पोरगा तुला ओसाकाला न्यायला टपलाय. तिथं भिंतीकडे बघत बसशील का?"

"बसेन."

माणूस फार दचकला की त्याचा जीव अंगातून निसटून तिथेच पडून राहतो, हे बेटावर पोराबाळांनाही ठाऊक होतं. मग त्या जागी त्याचा कपडा आणि भात मांडायचा, तिथले खडे उचलायचे, हाक मारायची, जीव घरी न्यायचा. चोतोकुचा जीव इथेच पडला होता. वसंतात तो, त्याची बायको सुएको आणि ताई अशी तिघं ही गुहा बघायला आली होती. चुनखडीच्या या पांढऱ्या खांबांपाशी सुएको "जरा टेकते" म्हणाली. ती उठलीच नाही.

ताई खडे वेचू लागल्या तसा रखवालदार बॅटरी घेऊन आला.

"आजी, इथला दगड न्यायला मनाई आहे."

"दगड कोण नेतंय? ह्याचा जीव नेतेय. तशी पाटी लावलीय कुठं?"

त्याने चोतोकुच्या तोंडाकडे पाहिलं आणि बॅटरी छताकडे वळवली.

"चोतोकु! घरी चल रे! चल!"

हाक गुहेतल्या पाण्यावरून लांब गेली. ताईंनी खडे त्याच्या तळहातावर ठेवले.

"मूठ मिट."

त्याने मिटली नाही. "राहू दे ना जीवाला इथं. तिला सोबत होईल."

ताईंनी खडे परत घेतले, सदऱ्यात बांधले, वाटी पिशवीत टाकली आणि जिन्याकडे निघाल्या. चोतोकु मागोमाग गेला.

मधल्या वळणावर त्या थांबल्या. त्या दिवशी मदत आणायला त्याच या पायऱ्यांवरून धावल्या होत्या, एकट्या. तो बायकोचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. माणसं घेऊन परत आल्यावर ताईंनी फक्त विचारलं होतं, "गेली?" त्यांची सख्खी धाकटी बहीण. त्यानंतर त्या रोज डबा आणत, त्याला रागावत आणि डबा तसाच उचलून नेत. त्या रडल्या कधी, हे त्याने कुणाला विचारलंही नव्हतं.

कठडा त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता.

"काय झालं, ताई?"

"काही नाही. चल पुढं."

चोतोकु वाकला. पायरीच्या कडेचे खडे त्याने चाचपून उचलले आणि मुठीत घट्ट धरले. ताईंच्याही जीवाला बोलवायचं तर नुसत्या नावानं. त्याने घसा खाकरला.

"तोमी! घरी चल!"

आवाज फाटला. त्याने पुन्हा हाक मारली.

ताई पायऱ्यांकडे बघत उभ्या होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "आले."