आधी संकट की आधी उचलणं

सोपान बारामतीच्या एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात कामाला होता आणि दर रविवारी राजदूत मोटारसायकल काढून निमगाव केतकीला प्रार्थनासभा घ्यायला जायचा. सभा जोतीरामच्या पडवीत भरे. जोतीरामचा पानमळा होता. घरात ख्रिस्ती विश्वास आला तो त्याच्या बायकोमुळे, सिंधुबाईमुळे. तिच्या पोटात सारखं दुखायचं. सोपाननं येऊन प्रार्थना केली, दुखणं थांबलं, आणि तेव्हापासून ती त्याला दादा म्हणू लागली. तिनं भावकीचे टोमणे ऐकले, जोतीरामलाही वळवलं. हळूहळू गावातली, इंदापुरातली काही माणसं पडवीत जमायला लागली.

सोपान फारसा शिकलेला नव्हता, पण शेवटच्या काळाचा क्रम त्याला तोंडपाठ होता. बारामतीच्या एका पेंटरकडून त्यानं कापडावर तक्ता रंगवून घेतला होता. तो पडवीच्या भिंतीवर टांगून, हातात काठी घेऊन तो समजावून सांगे. आधी प्रभू ढगांत येणार. विश्वासात मेलेले उठणार आणि जिवंत विश्वासी त्यांच्यासोबत वर उचलले जाणार. मग मागं राहिलेल्या जगावर सात वर्षं महासंकट, ख्रिस्तविरोधकाचं राज्य. त्यानंतर प्रभू पृथ्वीवर पाय ठेवणार, हजार वर्षं राज्य करणार, आणि मग शेवटचा न्याय.

"म्हंजी संकट यायच्या आधीच आपण वर?" सिंधुबाई दर वेळी विचारायची.

"व्हय ताई. आपल्याला त्याची झळ न्हाय."

ती समाधानानं मान हलवायची आणि चहा टाकायला उठायची.

शहाण्णव साली तिचं दुखणं परत आलं. या वेळी प्रार्थनेनं थांबलं नाही. बारामतीच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं, पुण्याच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. जोतीराम दिवसभर मळ्यात राबायचा आणि रात्री बायकोच्या उशाला बसून शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचा. आतापर्यंत त्यानं सोपाननं सांगितलेलं ऐकलं होतं. आता तो स्वतः वाचत होता.

एका रविवारी सोपान तक्त्यापुढं उभा असताना जोतीराम मध्येच बोलला.

"सोपानराव, एक इचारू? मला वाचताना येगळंच दिसतंय. संकट आधी, आन् उचलणं नंतर. आपल्यालाबी त्यातनं जावं लागंल."

सोपान हसला. "तात्या, तुमचा वाचण्यात घोटाळा झालाय."

"घोटाळा कसला? आतल्या खोलीत ती तळमळतीय. तुमी म्हणता आपल्याला झळ न्हाय. मग ही काय हाय?"

"ते महासंकट न्हाय, तात्या. हा आजार हाय. दोन्ही येगळं."

"तुमच्या कापडावर येगळं आसंल. माझ्या घरात एकच हाय."

सोपानचे कान तापले. इतक्या वर्षांत त्याच्या शिकवणीवर कुणी बोट ठेवलं नव्हतं, तेही सगळ्यांदेखत. जोतीराम चिडून नाही, थकून बोलत होता. ते ऐकणाऱ्यांना कळत होतं. सोपानला कळलं नाही. त्यानं खिळ्यावरून तक्ता काढला, गुंडाळला आणि म्हणाला, "जिथं शिकवण येगळी, तिथं सभा न्हाय. फुडच्या रविवारपासनं इंदापुरात, बनाबाईच्या घरी."

बनाबाई म्हातारी विधवा होती, सोपानचा शब्द तिला प्रमाण. बाकीचेही मुकाट तिकडं गेले. एकटा झुंबर तेवढा दोन्हीकडं जायचा. तो जोतीरामच्या मळ्यात पानं खुडायला असे, त्यामुळं त्याला टाळता येत नव्हतं. काही आठवड्यांनी सभा संपल्यावर त्यानं सोपानला बाजूला घेतलं.

"सिंधुताईनं निरोप दिलाय. दादांना म्हनावं, एकदा येऊन प्रार्थना करून जा."

"तात्या काय म्हनतो?"

"तात्या काय न्हाय म्हनत. गप असतो."

"त्याला चूक कबूल करू दे. मग येतो मी."

सोपानची बायको सरुबाई शेजारीच उभी होती. मोटारसायकलवर बसल्यावर ती मागून म्हणाली, "निरोप ताईंचा हुता. तात्यांचा न्हाय." सोपाननं गाडीला किक मारली.

निरोप पुन्हा एकदा आला. सोपाननं तेच उत्तर दिलं.

मग एका दुपारी झुंबर एसटीनं बारामतीला येऊन कारखान्याच्या गेटवर उभा राहिला. सिंधुबाई सकाळी गेली होती. सोपाननं सुपरवायझरला सांगितलं आणि राजदूत काढून तो निघाला, निमगावच्या एसटी स्टँडपर्यंत पोचलाही. तिथं गाडी लावून त्यानं चहा सांगितला. आपण पडवीत शिरलो की भावकीची माणसं बघतील, जोतीराम बघेल. काय बोलायचं ते त्याला सुचेना. त्याच्या मनात आलं, आता गेलो तर आपण हरल्यासारखं होईल. चहा तसाच निवला. थोड्या वेळानं तो उठला आणि आला तसा परत गेला.

झुंबर एसटीनं परत पोचेपर्यंत माती देऊन झाली होती; त्या दिवशी काय झालं ते त्यानं गावात ऐकलं आणि नंतर सोपानला सांगितलं. भावकी म्हणत होती, रीतसर अग्नी द्या. जोतीरामनं ऐकलं नाही, तिला मातीच द्यायची म्हणाला. गावात ख्रिस्ती दफनभूमी नव्हती, म्हणून बांधाकडेला चिंचेखाली जागा ठरली. सभेतले विश्वासी आले नाहीत, कारण सोपान जाणार नाही हे त्यांना माहीत होतं. ज्या चुलतभावांनी जोतीरामशी बोलणं टाकलं होतं, त्यांनीच खड्डा खणला. माती देतानाची प्रार्थना कुणाला येत नव्हती. जोतीरामनं सिंधुबाईच्या आवडीचं गाणं म्हणायला घेतलं, पण साथीला कुणी नव्हतं. ते गाणं अर्ध्यावरच राहिलं.

हे ऐकल्यापासून सोपानचं शिकवणं बिघडलं. बनाबाईच्या घरी तक्त्यापुढं उभा राहिला की तो क्रमात अडखळे. माणसं कमी होत गेली. सरुबाईनं तर यायचंच सोडलं. "तुमचं आधी आन् नंतर ठरंस्तोवर सिंधुताई गेली," एवढंच ती एकदा म्हणाली.

वर्ष उलटल्यावर एका सकाळी तो निमगावला गेला. जोतीराम मळ्यात पानं खुडत होता. तो वाळला होता, दाढी पांढरी झाली होती. त्यानं सोपानला पाहिलं आणि हातातली पानं ओल्या फडक्यावर ठेवली.

"या सोपानराव. बसा."

सोपान बसला नाही. "तात्या, माझं चुकलं. मी यायला पायजे हुतं."

जोतीरामनं फडक्याचं टोक पानांवर ओढलं. मग म्हणाला, "रस्त्यावर मोटारसायकल वाजली की ती दाराकडं मान वळवायची. दादा आलं का बघा म्हनायची. मी सांगायचो, कारखान्यात लई काम हाय, त्यास्नी सुट्टी मिळंना."

"तुमी आसं सांगितलंत?"

"मग काय सांगू? दादा रुसल्यात म्हनून सांगू?"

सोपान तिथंच खाली बसला. स्टँडपर्यंत आलो होतो, हे सांगायला त्यानं तोंड उघडलं, पण ते ऐकून जोतीरामला जास्तच लागेल असं वाटून त्यानं दुसरंच विचारलं.

"माती दिली ती चिंच कुठली?"

"ती, बांधाच्या कडंची. जाऊन या. माझं खुडणं ऱ्हायलंय."

तो एकटाच गेला. बांधाला लागून दगडांची ओळ होती, वर गवत उगवलं होतं. सोपाननं गवत उपटलं. हात जोडून डोळे मिटले. हजारदा केलेली प्रार्थना, पण "सिंधुताई" एवढाच शब्द पुन्हापुन्हा ओठांवर आला, पुढं काही नाही. तो रडला. मग डोळे पुसून परत आला.

जोतीराम पानांची चवड लावत होता. सोपान त्याच्यासमोर बसला आणि तोही पानं जुळवू लागला. त्याला ते नीट जमत नव्हतं. जोतीराम त्यानं लावलेली पानं उचलून पुन्हा लावत होता, पण थांबा म्हणाला नाही.

"तात्या, रविवारी येऊ का?" निघताना सोपाननं विचारलं. "परत पडवीत सभा..."

"सभा नगं आता." जोतीरामनं मान हलवली. "मी वाचतो माझं माझं. आधी काय आन् नंतर काय, ते त्याचं तो बघंल. तुमी चहा प्यायला या. सरुताईलाबी आना."

पुढच्या रविवारी सोपान सरुबाईला घेऊन गेला. सरुबाईनं चुलीवर चहा ठेवला आणि तिघं पडवीत बसले. पावसाचं, पानांच्या भावाचं, बनाबाईच्या गुडघ्याचं बोलणं निघालं. कुणी शास्त्र उघडलं नाही. उन्हं कलल्यावर दोघं बारामतीला परतले.