माझी आईच पोलीस आहे

शाळेतून फोन आला तेव्हा पोलीसबाई दोन शेजाऱ्यांचं भांडण सोडवत होती. एकाच्या गच्चीवरचं पाणी दुसऱ्याच्या खिडकीत गळत होतं आणि दोघंही एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. फोनवर मुख्याध्यापिकेचा आवाज फार हळू होता. "तुम्ही लगेच या. तुमच्या मुलाबद्दल बोलायचंय. नाही नाही, त्याला काही झालेलं नाही."

तिचा जीव भांड्यात पडला आणि लगेच बाहेरही आला. त्याला काही झालेलं नाही, म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी झालंय.

वर्दी बदलायला वेळ नव्हता. ती तशीच गेली. शाळेच्या फाटकाशी पोरांचा घोळका होता, तो तिला बघून दुभंगला आणि कुणीतरी मागून कुजबुजलं, "आली बघ."

मुख्याध्यापिकेच्या खोलीत तिचा मुलगा भिंतीशी खुर्चीवर बसला होता. सोळा वर्षांचा, व्हॉलीबॉलच्या संघातला, अंगानं इतका लांब की वर्गात त्याला उंट म्हणत. उजव्या हाताची बोटं सोललेली होती. तिनं आधी बोटंच पाहिली. अशी बोटं तिनं नोकरीत पुष्कळ पाहिली होती, ती कशानं सोलली जातात ते तिला कुणी सांगायला नको होतं.

घडलेलं सरळ होतं. वर्गात एक काटकुळा मुलगा होता, त्याला सगळे पेन्सिल म्हणत. उंट आणि त्याचे दोन मित्र लहान वर्गातल्या मुलांचे मोबाइल हिसकावून खेळत, परत देण्याआधी त्यांना रडवत. पेन्सिलनं ते खेळाच्या सरांना सांगितलं. सरांनी उंटाला संघातून काढलं. आज मधल्या सुट्टीत सुतारकामाच्या खोलीमागे दोघांनी पेन्सिलचे हात धरले आणि उंटानं त्याला मारलं. शिपाई ओरडत धावला तेव्हा कुठे थांबलं. पेन्सिलच्या कानातून रक्त येत होतं आणि पडताना मनगट मोडलं होतं. त्याला दवाखान्यात नेलं होतं.

"मी दोन आठवडे याला घरी बसवते," मुख्याध्यापिका म्हणाली. "लेखी माफी घेऊ. पुढे आपण बघू. घरातलं घरात राहिलेलं बरं."

खिडकीपाशी गणिताचे सर उभे होते. "मागच्या वर्षी एका मुलानं खुर्ची फेकून मारली होती," ते म्हणाले. "तेव्हा आपण दहा मिनिटांत पोलिसांना फोन केला होता, बाई. त्याचा बाप हमाल होता."

"ते प्रकरण वेगळं होतं."

"कसं?"

मुख्याध्यापिकेनं चष्मा काढून पुसला. "सर, सोळा वर्षांच्या पोराला पोलिसांच्या गाडीत बसवलं की ते आत काय शिकून बाहेर येतं, मला माहीत आहे. तेव्हा मी चुकले. आता परत तीच चूक करू का?"

दोघांचंही खरं होतं, आणि तेच अवघड होतं. त्या हमालाच्या पोराला न्यायला आलेल्या गाडीत पुढच्या सीटवर पोलीसबाई स्वतः बसली होती. दोघंही आता तिच्याकडे बघायला लागले.

"तुमचं काय मत?"

"मी इथे आई म्हणून आलेय," ती म्हणाली. म्हणताना तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटली.

ती मुलाला गाडीत घालून घरी आली. नवरा बेकरीत कामाला होता. पहाटे जायचा, दुपारी घरी असायचा. त्यानं दार उघडलं, दोघांचे चेहरे पाहिले आणि मुलाला म्हणाला, "हात धू आधी."

"का मारलंस?" तिनं विचारलं.

"चहाडखोर आहे तो."

"खोटं सांगितलं होतं त्यानं?"

मुलगा सोललेली बोटं टॉवेलला पुसत राहिला.

"काय म्हणालास मारताना?"

"काही नाही. आठवत नाही." तो खोलीत गेला आणि दार लावून घेतलं.

तिला एका जागी बसवेना. भांडी घासलेली होती ती तिनं परत घासली. उद्याची वर्दी इस्त्री केली, मग परवाची केली. नवरा नुसता बघत होता. शेवटी म्हणाला, "अगं, बस की जरा. चक्की फिरल्यासारखी फिरतेयस."

"बसून काय करू?"

"मिटेल हे. पोरं भांडतातच."

"तिघं एकावर, याला भांडण नाही म्हणत. मी ठाण्यात असते तर काय लिहिलं असतं, ठाऊक आहे?"

"पण तू ठाण्यात नाहीयेस. आणि तूच इतकी वर्षं जेवताना सांगत आलीस ना, ठाणं ही पोरांची जागा नव्हे म्हणून? मग आता तुझ्याच पोराला ते लागू नाही?"

ठाण्यातले साहेबही दुसऱ्या दिवशी तेच म्हणाले, फक्त दुसऱ्या कारणानं. "शाळा काही म्हणत नाही, समोरचे काही म्हणत नाहीत, मग तू कशाला अंगावर ओढून घेतेस? जा, पोराला दोन लगावून दे आणि विसर."

समोरचे काही म्हणत नाहीत, हे तिला खुपत होतं. का म्हणत नाहीत?

दुपारी ती साध्या कपड्यांत दवाखान्यात गेली. वॉर्डाबाहेर बाकावर पेन्सिलचा बाप बसला होता. तो रंगारी होता, घरं रंगवायचा. कामावरून तसाच आला असावा, कोपरापर्यंत पिवळे ठिपके होते. तिनं आपण कोण ते सांगितलं आणि तो ताडकन उभा राहिला.

"मॅडम, आमची काही तक्रार नाही," तो म्हणाला. "पोरं आहेत, व्हायचंच. तुम्ही कशाला त्रास घेतला?"

"मी माफी मागायला आलेय."

"छे छे, माफी कसली. तुम्ही बसा ना, मॅडम. पाणी आणू?"

ज्याच्या मुलाचा हात मोडला तो माणूस तिला पाणी विचारत होता. त्यात सौजन्य नव्हतं, भीती होती. चोरांच्या डोळ्यांतली भीती तिनं पाहिली होती, ती तिला चालायची. ही तिला सहन होईना.

"दादा, तुम्ही मला घाबरताय का?"

रंगारी कोपरावरचा रंग खरवडू लागला. उत्तर वॉर्डाच्या दारातून आलं. तिथे त्याची बायको उभी होती. ती धोबीखान्यात काम करायची, आवाज यंत्रांवरून ओरडून ओरडून कमावलेला होता.

"घाबरू नको तर काय करू? तुमचा मुलगा काय म्हणाला माझ्या लेकराला, माहितीये? मारत होता आणि म्हणत होता, जा, पोलिसांत जा, माझी आईच पोलीस आहे. आता सांगा, कुणाकडे जायचं आम्ही?"

रंगारी म्हणाला, "जाऊ दे गं." ती म्हणाली, "का जाऊ दे?" आणि आत निघून गेली.

पोलीसबाई जिना उतरून खाली आली. गाडीची किल्ली लावली, काढली, परत लावली. मग तीन गल्ल्या उगाच फिरली. तिनं आपल्या पोराला कधी हात उगारायला शिकवलं नव्हतं. पण रस्त्यात गाडी चुकीची लावली आणि कुणी हटकलं, की ती ओळखपत्र दाखवायची. सिनेमाच्या रांगेत एकदा पुढे घुसली होती. मुलगा शेजारी उभा असायचा आणि हसायचा. ती पण हसायची.

घरी गेल्यावर तिनं खोलीचं दार न ठोठावताच उघडलं.

"माझं नाव घेऊन मारलंस?"

मुलाच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "नुसतं बोललो."

"नुसतं बोललास?"

"आई, तू काही करणार नाहीस ना? म्हणजे... तू सांभाळशील ना?"

भाबडी खात्री त्याच्या आवाजात होती. त्याला शंकाच नव्हती.

संध्याकाळी ती परत दवाखान्यात गेली. यावेळी रंगाऱ्याच्या बायकोनं तिला दारातच अडवलं, पण आतून पेन्सिल म्हणाला, "येऊ दे, आई." कानावर पट्टी, हाताला प्लास्टर. तिचं बोलणं ऐकायला तो मान वळवून दुसरा कान पुढे करत होता.

"तक्रार दिली तर काय होतं?" त्यानं विचारलं.

एखाद्या अनोळखी पोराला सांगावं तसं तिनं सांगितलं. "तुझा जबाब घेतील, आईबाबांसमोर. डॉक्टरांचा अहवाल जोडतील. मग त्या तिघांना बोलावतील. कोठडीत टाकणार नाहीत, ते लहान आहेत. प्रकरण मुलांच्या न्याय मंडळाकडे जाईल. ते समज देतील, दर आठवड्याला हजेरीला बोलावतील, काही काम करायला लावतील. वेळ लागतो. तुला तेच तेच पुन्हा सांगावं लागेल. त्याचा कंटाळा येईल, राग येईल."

"आणि नाही दिली तर?"

"तर शाळा त्याला दोन आठवडे घरी बसवेल."

"आणि मग तो परत येईल."

"हो."

पेन्सिलनं पुन्हा दुसरा कान पुढे केला. "तुम्ही कुणाच्या बाजूनं बोलताय?"

"मला खरंच कळत नाहीये रे," ती म्हणाली. "म्हणून जसं आहे तसं सांगतेय."

रंगाऱ्याची बायको खाटेच्या पायथ्याशी हाताची घडी घालून उभी होती. "तुमच्याच ठाण्यात द्यायची ना तक्रार?"

"नाही. पुलापलीकडच्या ठाण्यात. मी साहेबांना तसं सांगते. मी त्या कामात कुठेही नसेन."

"आणि उद्या तुम्ही फिरलात तर?"

"तर माझ्यावरही तक्रार द्या. तीही घेतात. कुणाकडे द्यायची ते सांगते."

त्यांनी त्या रात्री विचार केला आणि सकाळी तक्रार दिली.

साहेब भडकले. "स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलास," म्हणाले. नवरा त्या दिवशी तिच्याशी एक शब्द बोलला नाही. पण मुलाला ठाण्यात न्यायची वेळ आली तेव्हा बेकरीतून रजा काढून आला आणि गाडीत मागे मुलाशेजारी बसला.

पुलापलीकडच्या ठाण्यातला अंमलदार तिला ओळखत होता. "या ताई, आत केबिनमध्ये बसा. चहा सांगतो. आपलंच घर आहे."

"नको," ती म्हणाली आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसली, जिथे सगळ्यांचे आईबाप बसतात. बाकाची एक फळी हलत होती. इतक्या वर्षांत तिनं अशा बाकांसमोरून हजारदा ये-जा केली होती, पण त्यावर बसणं किती अवघड असतं ते तिला माहीत नव्हतं. पाय कुठे ठेवावेत कळेना.

अंमलदारानं मुलाला विचारलं, "काय झालं सांग." मुलगा तिच्याकडे बघायला लागला. अंमलदारही तिच्याकडे बघायला लागला.

"त्याला विचारलंय तुम्ही," ती म्हणाली.

मग मुलगा बोलला. आधी अडखळत, मग भराभर, सगळं. कुणी हात धरले, त्यानं किती वेळा मारलं, आणि मारताना काय म्हटलं. तिथे आल्यावर त्याचा आवाज फाटला. बापानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. पोलीसबाई समोरच्या भिंतीवरच्या पंख्याकडे बघत राहिली, कारण मुलाकडे बघितलं असतं तर ती उठून त्याला घरी घेऊन गेली असती.

मंडळानं मुलाला वर्षभर दर आठवड्याला समुपदेशकाकडे जायला लावलं. रविवारी अपंग मुलांच्या वसतिगृहात काम. दुसऱ्या दोघांनाही तेच. शाळेनं त्याला काढलं नाही, पण त्याची तुकडी बदलली आणि संघात परत घेतलं नाही. पेन्सिलचं मनगट बरं झालं. डाव्या कानानं त्याला पूर्वीसारखं कधीच ऐकू आलं नाही. त्याची आई पोलीसबाईला रस्त्यात भेटली तरी ओळख दाखवत नाही, आणि पोलीसबाईला ते योग्यच वाटतं.

तिनं त्या हमालाच्या मुलाचाही शोध घेतला. शाळेनं त्याला तेव्हाच काढलं होतं. घर सोडून ती माणसं कुठेतरी गेली होती. शेजारी म्हणाले, पत्ता नाही. ती दोनदा जाऊन आली, तरी नाही.

बऱ्याच महिन्यांनी मंडळानं दोन्ही मुलांना समोरासमोर बसवलं. उंटानं माफी मागितली. पाठ करून आला होता, मध्येच विसरला. पेन्सिल म्हणाला, "माफी राहू दे. सुट्टीत मला दर मिनिटाला मागे वळून बघावं लागू नये, एवढं कर."

परत येताना गाडीत मुलानं विचारलं, "आई, तेव्हा तू मला वाचवू शकली असतीस ना?"

"हो."

घरी बापानं तिघांची ताटं वाढली. इतके दिवस खोलीत जेवणारा मुलगा आज ताट घेऊन तिच्यासमोर बसला आणि खाली मान घालून जेवायला लागला. ती मात्र दोनदा उठली. एकदा पाणी आणायला, आणि एकदा उगाचच.