उलटवायची राहून गेलेली कॅसेट

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, मित्रांनो. जुना आहे, पण बहिरा नाही, हे आधीच सांगून ठेवतो. उलट आयुष्यभर ऐकण्याचंच काम केल्यामुळे मला जरा जास्तच ऐकू येतं, आणि त्याचाच मला त्रास होतो.

माझ्या पोटावर 'मेड इन जपान' असं कोरलेलं आहे. त्याचा मला अजूनही थोडा ताठा आहे. रेडिओ आणि कॅसेट दोन्ही माझ्यात असल्यामुळे लोक मला टू-इन-वन म्हणत. १९९१ साली शारजाच्या रोला बाजारातून हिलरीने मला विकत घेतलं. हिलरी मूळचा वसईचा, दुबईच्या एका हॉटेलात नोकरीला. त्याने घासाघीस करून दुकानदाराकडून दोन कोऱ्या कॅसेट फुकट उपटल्या आणि टॅक्सीत मला मांडीवर घेऊन शारजातल्याच अल मजाज भागातल्या घरी आणलं. त्याची बायको सुझी हिने माझ्यासाठी क्रोशाचं झाकण विणलं. त्यांची मुलगी मरिसा तेव्हा सात वर्षांची होती. तिने पहिल्याच दिवशी माझी सगळी बटणं एकदम दाबून पाहिली.

मला आणलं होतं ते गाण्यांसाठी नव्हे, आजीसाठी. हिलरीची आई वसईला एकटी राहायची. तेव्हा परदेशातून फोन करायचा म्हणजे घड्याळाकडे बघत बोलायचं. त्यापेक्षा कॅसेट बरी. वसईला जाणारं कोणी ओळखीचं सापडलं की त्याच्या सामानात आमची कॅसेट जायची, आणि परत येताना सुक्या बोंबलांच्या पुडक्याशेजारी बसून आजीची कॅसेट यायची. ती सगळ्यांनी ऐकायची, मग तिच्यावरच आपलं बोलायचं आणि पुन्हा पाठवायची, अशी घरची रीत होती. नव्या कॅसेटवर कोण खर्च करणार? त्यामुळे माझ्या खणाला कायम बोंबलांचा वास असे.

आजीचं बोलणं एका बाजूत मावायचं. कोंबड्या, चर्चचा सण, कोणाच्या मुलाचं लग्न, केळीच्या बागेवरून चुलत्यांशी झालेली भांडणं. शेवटी एक प्रश्न ठरलेला: "जेवलीस का, बाय?" छोटी मरिसा माझ्या जाळीला तोंड लावून ओरडायची, "जेवले!" जणू आजी आतच बसली होती. ते माझे सुखाचे दिवस.

मरिसा मोठी झाली. शाळेत हुशार निघाली. तिला डॉक्टर व्हायचं होतं, आणि कोणीतरी ऑस्ट्रेलियातल्या एका लहान शहरातल्या मेडिकल कॉलेजचं रंगीत माहितीपत्रक तिला दिलं. त्या कॉलेजात पहिल्या महिन्यापासून विद्यार्थ्यांना पेशंटजवळ बसवतात, असं त्यात लिहिलं होतं. मरिसाने ते पान इतक्यांदा वाचलं की त्याची घडी फाटली. पण तिथे नुसते मार्क चालत नव्हते, मुलाखतही द्यावी लागे. दुसरं कॉलेज मोठ्या शहरात होतं. तिथे मार्कांवर प्रवेश, एक वर्ष जास्त, आणि पहिली वर्षं मोठ्या हॉलमध्ये बसून नुसती पुस्तकं. तिने दोन्हीकडे अर्ज केले, पण मन पहिल्यात.

आता जे सांगणार आहे ते सांगताना माझी पट्टी अडखळते. २००० सालच्या उन्हाळ्यात आजीला अर्धांगवायूचा झटका आला. सुझी वसईला धावली. मरिसा गेली नाही. बारावीच्या शिकवण्या बुडाल्या असत्या, आणि हिलरीनेच तिला थांबवलं. पुढे डिसेंबरात आजीची कॅसेट आली. आजीचं तोंड वाकडं झालं होतं आणि जीभ जड. एकेक शब्द ओढून काढल्यासारखा. घरची तिघं माझ्याभोवती बसली, पण काही केल्या अर्थ लागेना. मरिसा रडू लागली. हिलरी म्हणाला, "बास, आता नको. परीक्षा होऊ दे, मग शांतपणे ऐकू." त्याने कॅसेट काढून बुटांच्या खोक्यात टाकली. परीक्षा झाली, निकाल लागला, तिला भरघोस मार्क मिळाले. ती कॅसेट कोणी पुन्हा लावली नाही.

ऑगस्टमध्ये मुलाखतीचं बोलावणं आलं. दुबईच्या एका हॉटेलात दोन प्राध्यापक येणार होते. हिलरी कामाला लागला. आपल्याकडे अभ्यास म्हणजे पाठांतर, तेव्हा मुलाखतसुद्धा पाठ करायची असं त्याने ठरवलं. संभाव्य प्रश्न काढले, उत्तरं तयार केली. एका प्रश्नावर गाडी अडली: तुम्ही आजारी माणसाची काळजी घेतली होती, असा एखादा प्रसंग सांगा.

"आजीचं सांग," हिलरी म्हणाला. "समरमध्ये तू तिच्याजवळ होतीस, चमच्याने पेज भरवलीस, तिला परत बोलायला शिकवलंस."

"बट आय वॉजन्ट देअर, डॅडी."

"मम्मी होती ना? घरातलं एक माणूस गेलं म्हणजे सगळे गेले. इंटरव्ह्यूमध्ये सगळेच थोडं वाढवून बोलतात. यल्ला, चल, रेकॉर्ड करू. स्वतःचा आवाज ऐकलास की चूक कळते."

घरात कोरी कॅसेट नव्हती. हिलरीने खोक्यातून आजीची काढली आणि उलटून माझ्यात घातली. दुसरी बाजू रिकामीच असणार, कारण आजी कायम एकाच बाजूत मावायची. त्याच्या हे ध्यानातच आलं नाही की आता ती सावकाश बोलते. सावकाश बोलणाऱ्या माणसाला दोन्ही बाजू लागतात.

मित्रांनो, माझ्यात दोन हेड असतात. एक पुसतं, दुसरं नवा आवाज उमटवतं. लाल बटण दाबलं की पट्टी आधी पुसणाऱ्या हेडखालून जाते. त्या संध्याकाळी आजीचा एकेक शब्द माझ्या आत आला आणि पुसला गेला, आणि त्या जागी मरिसाचा स्वच्छ आवाज बसला: 'मी आजीला चमच्याने पेज भरवत असे. ती काय म्हणते ते फक्त मला कळायचं.' तिने ते पुन्हा पुन्हा म्हटलं. हिलरी म्हणायचा, "इथे जरा थांब. इथे आवाज खाली आण." मला तोंड आहे, पण ते दुसऱ्यांचं बोलण्यासाठी. मी निमूटपणे पुसत राहिलो. त्याची टोचणी मला आजही आहे.

मुलाखत उत्तम झाली. ऑक्टोबरात दोन्ही कॉलेजांनी जागा दिली. लहान शहरातल्या कॉलेजाने तर खास कळवलं की आजीच्या सेवेचा प्रसंग ऐकून प्राध्यापक भारावून गेले. हिलरीने हॉटेलातून केक आणला. शेजाऱ्यांना वाटला. मरिसाने एक घासही खाल्ला नाही.

पुढच्या शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, तिघं चर्चमधून परत आली. सुझीने दार लावता लावता विचारलं, "आज पण कम्युनियनला उठली नाहीस? दोन शुक्रवार झाले. बरं वाटत नाही का?"

मनावर पाप असताना कम्युनियन, म्हणजे चर्चमधला प्रसाद, घेत नाहीत. मरिसा माझ्यासमोरच्या सोफ्यावर बसली आणि तिने आईला सगळं सांगितलं. सुझीने एवढंच विचारलं, "आणि आजीची ती कॅसेट? ती कोणी पूर्ण ऐकली का?"

हिलरी म्हणाला, "ऐकू ना, आता ऐकू," आणि त्याने ती शोधून लावली. पहिली बाजू तिघांनी कान देऊन ऐकली. या वेळी बरंच कळलं, कारण या वेळी कोणाला घाई नव्हती. आजी कोंबड्यांबद्दल बोलत होती. मग ती म्हणाली, "मरिसाला... सांगायचं... ते आता... दुसऱ्या बाजूला... सांगते."

हिलरीचा चेहरा उतरला. त्याने कॅसेट उलटवली. आतून मरिसाचा आवाज आला. पेज, चमचा, ती काय म्हणते ते फक्त मला कळायचं. पुन्हा तेच. पुन्हा तेच. शेवटी खट्ट असा आवाज झाला आणि पट्टीच्या उरलेल्या शेपटात आजी बोलली: "...कळलं ना? आता... संपत आली. जेवलीस का, बाय?"

कोणी माझ्याकडे हात नेला नाही. पट्टी संपली आणि माझं बटण आपोआप वर आलं.

"मला वाटलं कोरी आहे," हिलरी म्हणाला. तो कोणाला सांगत होता, ते मला कळलं नाही.

त्या आठवड्यात घरात खूप वाद झाले. हिलरीचं म्हणणं, झालं ते झालं, पण जागा कशाला सोडायची? अशी संधी परत येते का? मरिसा ऐकून घ्यायची. एकदा ती म्हणाली, "डॅडी, दे टुक द गर्ल इन द कॅसेट. नॉट मी. मी तिथे गेले तर रोज पेशंटजवळ बसताना मला तेच आठवेल."

"आणि त्या मोठ्या हॉलमध्ये बसायला आवडेल तुला?"

"नाही. बट दोज मार्क्स आर माइन."

हिलरी उठून कागद-पेन घेऊन आला. मग म्हणाला, "खलास. मीच कळवतो त्यांना. पाठ मी करून घेतलं होतं." लहान शहरातली जागा त्याने स्वतः ऑफिसातून फॅक्स करून सोडली.

कॉलेज सुरू व्हायला वेळ होता. डिसेंबरात मरिसा वसईला गेली आणि मलाही बरोबर नेलं. विमानात तिने मला मांडीवर घेतलं होतं, अगदी तिच्या बापासारखं.

आजी पलंगावर उशीला टेकून बसली होती. शेजारची आशा तिचं सगळं करत असे. नातीला पाहून आजीचा एकच गाल हसला. पहिलाच प्रश्न तिने विचारला तो हाच: "माझी... कॅसेट... ऐकलीस?"

मरिसाला हो म्हणता आलं असतं. मी श्वास रोखून होतो, मला श्वास नसला तरी.

"नाही, आजी," ती म्हणाली. "अर्धीच ऐकली. दुसऱ्या बाजूवर मी माझं बोलले. त्यात मी सांगितलं की मी तुझी सेवा केली. आणि मी आलेच नव्हते."

आशा दाराशी थबकली. आजीने चांगल्या हाताने माझ्याकडे खूण केली. मरिसाने तीच कॅसेट दुसऱ्या बाजूने माझ्यात घातली, लाल आणि प्ले अशी दोन्ही बटणं एकदम दाबली, आणि म्हणाली, "आता सांग. माझ्यासाठी काय बोलली होतीस?"

आजीने डोळे मिटले. पट्टी फिरत राहिली. मरिसा थांबली, तिने मध्ये एक शब्दही घातला नाही. बऱ्याच वेळाने आजी म्हणाली, "नाही... आठवत... बाय."

ते तीन शब्द अजून माझ्याजवळ आहेत. मी वसईलाच राहिलो. मरिसा पुढे मोठ्या शहरातल्या कॉलेजात गेली, चांगली शिकते आहे म्हणतात. सुट्टीत येते तेव्हा ती कॅसेट लावते, आणि आजी वारल्यावर रिकाम्या झालेल्या त्या खोलीत पट्टीची खरखर शेवटपर्यंत ऐकते. माझा पट्टा आता सैल झाला आहे, आवाज घोगरा येतो.

मित्रांनो, माझ्यावर धूळ बसली तरी चालेल, माझं क्रोशाचं झाकण उंदरांनी नेलं तरी चालेल. पण तुमच्या घरात कोणी सावकाश बोलणारं माणूस असेल, तर त्याचं बोलणं मध्येच काढून खोक्यात ठेवू नका. बाजू संपली, तर कॅसेट उलटवा.