वर गेलेली फळी

देवीची फळी वर सरकली आहे, याबद्दल आक्काला तसूभरही शंका नव्हती. प्रश्न होता तो कोणी सरकवली एवढाच, आणि तोही फार अवघड नव्हता. घरात माणसं तीन. एक ती स्वतः, दुसरा मुलगा धनेश, जो सकाळी गोडाऊनवर गेला की जेवायलाच उगवायचा. उरली सून मृणाली.

खारबावचं हे घर नवं बांधलं तेव्हा आक्काने स्वतःच्या हाताला पुरेल अशा बेताने स्वयंपाकघरात फळी ठोकून घेतली होती. तिच्यावर वज्रेश्वरीची तसबीर. रोजचं फूल वाहायचं ते आक्कानेच. आणि अलीकडे त्या फुलासाठी तिला टाचा उचलाव्या लागत होत्या. आता आक्का म्हणजे काही बुटकी बाई नव्हे. गवताचे भारे डोक्यावर घेऊन भिवंडीच्या बाजाराला निघालेल्या बायकांत तिचा भारा सगळ्यांच्या वर दिसायचा, आणि ही गोष्ट ती आल्यागेल्याला अजून ऐकवायची. अशा बाईचा हात देवीला पुरत नाही म्हणजे फळीच वर गेली. पूजा हातातून गेली की चूल जाते आणि चुलीमागून घर जातं, हे तिने गावात पाहिलं होतं.

संशयाला खाद्य शोधावं लागत नाही, ते चालत येतं. पाठ दुखते म्हणून मृणाली तिला भिवंडीच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. पाठीचा फोटो काढला, आणि मग आक्काला बाहेरच्या बाकावर बसवून डॉक्टर सुनेशीच बोलत राहिले. दुसऱ्या दिवसापासून सून दुधाबरोबर एक पांढरी गोळी हातावर ठेवू लागली. कसली, तर म्हणे ताकदीची. आक्का मान डोलवायची आणि सुनेची पाठ वळली की गोळी तुळशीत पुरायची. तुळशीला काहीच झालं नाही, हे मात्र तिने कधी ध्यानात घेतलं नाही.

मग परकर. दोरीवरचे कपडे काढताना तिला दिसलं की तिच्या सगळ्या परकरांचा खालचा काठ कापून नव्याने शिवलाय. तिने एक परकर शेजारच्या गोदूला नेऊन दाखवला. गोदूने तो उलटसुलट केला आणि आवाज खाली आणून सांगितलं, की बाईच्या नेसत्या कपड्याची चिंधी नेतात ती करणीसाठीच. पाठ उगाच वाकत नव्हती तर.

तिने फळीच्या खालच्या टाइलवरून बोटं फिरवून पाहिली. फळी वर गेली म्हणजे जुनी भोकं खाली हवीत. भोकं नव्हती. त्यावरून तिने ठरवलं, की टाइलच बदलली असणार. मग ती नाक्यावर सिराज सुताराकडे गेली. फळी त्यानेच ठोकली होती. सिराजने आधी चहा मागवला, मग कान खाजवला, मग इकडचंतिकडचं बोलून झालं. आक्का हलेना, तेव्हा तो म्हणाला, "तू वज्रेश्वरीला कुंडावर गेलेलीस ना, तवा मी आलेलो. वहिनीनी सांगितलेलं, आक्काला कलू देऊ नको." आक्काने चहा तसाच ठेवला.

सुट्टीच्या सकाळी धनेश घरात असताना तिने दोघांना स्वयंपाकघरात उभं केलं.

"माझी चूल आजपासून येगली," ती मुलाला म्हणाली. "ही मना देवीपासून तोडते, करनीसाठी माझे कपडे कापते, मना गोल्या चारते. घरात ही र्‍हायल, न्हायतर मी र्‍हाईन. तू बोल."

धनेशने मृणालीकडे पाहिलं. आक्काने सगळे आरोप पुन्हा एकदा ऐकवले, सिराजच्या साक्षीसकट. मृणालीने एकही खोडून काढला नाही. तिने हात धुतले, देवीला नमस्कार केला आणि तसबीर उचलून बाजूला ठेवली.

तसबिरीमागे, फळीच्या चार बोटं वर, पांढऱ्या सिमेंटने बुजवलेली दोन भोकं होती.

आक्का बघत राहिली. फळी वर गेलीच नव्हती. ती खाली आली होती, आणि तरीही आक्काचा हात पुरत नव्हता.

मृणालीने कपाटातून तो काळा फोटो आणला आणि खिडकीच्या उजेडात धरला. स्वतःचा कणा आक्का पहिल्यांदाच पाहत होती. मणक्यावर मणका होता, पण मधले तीन, भाऱ्याखाली चुंबळ चेपावी तसे चेपले होते. मृणाली हळूहळू सांगत गेली. हाडं नुसतं अंग पेलत नाहीत, अंगाला लागणारा चुनाही तीच साठवून ठेवतात. बाहेरून कमी मिळाला की अंग तो हाडांतून काढून घेतं. बाईमाणसाचा उतारवयात फार जातो. मग पोकळ झालेले मणके आपल्याच वजनाने बसतात, उंची जाते, पाठ वाकते. बसलेले मणके परत उठत नाहीत. बाकीचे बसू नयेत म्हणून ती गोळी. परकर पायात येत होते, आणि अशा हाडांनी आक्का पडली असती तर खुबाच मोडला असता.

"मग मना का न्हाय सांगितलंस?"

"दर पाहुण्याला तुम्ही भाऱ्याची गोष्ट सांगता, आक्का. तुमची उंची गेली, हे मी कुठल्या तोंडाने सांगणार होते?"

आक्काला लाज वाटली, आणि लाजेमागोमाग भीती. तिची नजर दारातल्या तुळशीकडे गेली.

"गोल्या मी खाल्ल्याच न्हाय गो," ती म्हणाली. "सगल्या तुलशीत पुरल्या."

करणीचा आळ येऊनही मृणाली रडली नव्हती. आता मात्र तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. धनेशने तिच्या हातातला फोटो घेतला.

आक्का भिंतीला धरून पुढे झाली. तिने फळीकडे हात वर केला आणि कुठवर पोचतो ते नीट पाहून घेतलं.

"सिराजला बोलाव," ती सुनेला म्हणाली. "अजून चार बोटं खाली घे म्हनावं. आन् माझी गोली आन."

मृणालीने दूध आणलं, गोळी हातावर ठेवली. आक्काने सवयीप्रमाणे ती उलटसुलट करून पाहिली, मग सुनेच्या तोंडाकडे पाहिलं आणि गिळून टाकली.